यादवीच्या आरंभीचा ताळेबंद : अमेरिका, इ. स. १८६१

युद्ध संपल्यानंतर त्याचा निकाल अटळच होता असे म्हणण्यास फारसे शहाणपण लागत नाही. जेता कोण हे एकदा ठाऊक झाले म्हणजे त्याचे गुण आपोआप डोळ्यांत भरतात आणि पराजिताचे दोष जागोजाग आढळू लागतात. परंतु इतिहासाचा अभ्यास करावयाचा तर निकालाचे पान काही वेळ झाकून ठेवावे, आणि पहिली तोफ डागली गेली त्या दिवशी दोन्ही पक्षांच्या हाती काय होते व काय नव्हते याची शांतपणे मोजदाद करावी. अध्यापनाच्या काळात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस हीच रीत घालून दिली होती. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याचा योग आला, तेव्हा त्याच रीतीने जगातील एका मोठ्या यादवीचा विचार आपल्या ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

बळाबळाच्या मोजदादीचा आपल्या परिचयाचा धडा महाभारतातला आहे. कौरवांकडे ११ अक्षौहिणी सैन्य, पांडवांकडे ७. युद्धारंभी दुर्योधन द्रोणाचार्यांजवळ जाऊन दोन्हींकडील वीरांची नावे घेतो. संख्या त्याच्या बाजूस होती. जय मात्र नव्हता. अमेरिकेच्या यादवीत याच्या उलट घडले. तेथे ज्याच्याकडे माणसे, पैसा व कारखाने अधिक, तोच पक्ष अखेरीस विजयी झाला. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, हा नुसता आकड्यांचा विजय होता. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. इ. स. १८६१ मध्ये दोन्ही पक्षांनी मनाशी मांडलेल्या हिशेबात एक मोठी रक्कम चुकीच्या ठिकाणी मांडली गेली होती. ती कोणती, हे आम्ही क्रमाने सांगू. तत्पूर्वी उरलेला ताळेबंद पाहणे अवश्य आहे.

फाटाफूट कशी झाली

६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन हे संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. नव्या मुलखांत गुलामगिरीचा विस्तार होऊ द्यावयाचा नाही, हे त्यांच्या पक्षाचे धोरण होते. जेथे ती प्रथा आहे तेथे हात घालण्याचा आपला इरादा नाही, असे लिंकन यांनी पुनःपुन्हा सांगितले. तरीही दक्षिणेतील मळेवाल्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना हे राज्य संघातून फुटून निघाले. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत आणखी सहा राज्यांनी तोच मार्ग धरला. त्या महिन्यात अलाबामातील माँटगोमेरी येथे दक्षिणेचे स्वतंत्र संघराज्य स्थापन झाले व जेफरसन डेव्हिस त्याचे अध्यक्ष झाले.

या नव्या राज्याचे अधिष्ठान कोणते, याविषयी त्याच्या धुरीणांनी आडपडदा ठेवला नव्हता. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात स्पष्टच सांगितले की, कृष्णवर्णी मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक स्थिती होय, या तत्त्वावर आपल्या राज्याचा पाया रचलेला आहे. पुढे पुष्कळांनी राज्यांचे हक्क, जकातीचा वाद इत्यादी कारणे पुढे केली. ती कारणे अगदीच खोटी नव्हेत. परंतु सर्वांच्या बुडाशी हे एकच कारण होते.

१२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. तीन दिवसांनी लिंकन यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ७५,००० स्वयंसेवक मागविले. ते पाहून व्हर्जिनिया, आर्कान्सॉ, टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्येही दक्षिणेस मिळाली. दक्षिणेची राज्ये आता ११ झाली आणि तिची राजधानी व्हर्जिनियातील रिचमंड येथे गेली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिझुरी या चार राज्यांत गुलामगिरी असूनही ती संघातच राहिली. या चार सीमावर्ती राज्यांचे महत्त्व पुढे दिसून येईल.

उत्तरेचे बळ

प्रथम माणसे मोजू. इ. स. १८६० च्या खानेसुमारीनुसार साऱ्या देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लक्ष होती. पैकी संघात राहिलेल्या राज्यांत सुमारे सव्वादोन कोटी आणि फुटलेल्या ११ राज्यांत सुमारे ९० लक्ष. या ९० लक्षांतही सुमारे ३५ लक्ष गुलाम होते. म्हणजे दक्षिणेची गोरी वस्ती अवघी ५५ लक्षांच्या घरात. शस्त्र धरण्याजोग्या गोऱ्या पुरुषांची तुलना केली तर उत्तरेचे पारडे तीन-चार पटींनी जड होते.

उद्योगधंद्यांतील अंतर याहून मोठे होते. देशातील कारखान्यांच्या उत्पादनापैकी सुमारे नऊ दशांश उत्तरेत होत असे. लोखंड, कापड, पादत्राणे, बंदुका या सर्वांत तिची सरशी. सुमारे ३०,००० मैलांच्या लोहमार्गांपैकी सुमारे ९,००० मैलच दक्षिणेच्या वाट्यास आले होते. उत्तरेच्या शेतांवर कापणीची यंत्रे आली होती, त्यामुळे शेतकरी पलटणीत गेला तरी पीक उभे राहत नसे. व्यापारी जहाजे, गोद्या व खलाशी बहुतांशी उत्तरेचे. शिवाय चालू असलेले सरकार, त्याचा खजिना, त्याची खाती, परदेशांतील त्याचे वकील हे सर्व तिच्याकडे आयते होते. दक्षिणेस टपालाच्या तिकिटापासून आरंभ करावयाचा होता.

परंतु हे बळ निजलेले होते, ही गोष्ट विसरू नये. कापडाची गिरणी म्हणजे शिपायाचा गणवेश नव्हे आणि लोखंडाची भट्टी म्हणजे तोफ नव्हे. इ. स. १८६१ मध्ये उत्तरेलाही पुरेशा बंदुका नव्हत्या. त्या युरोपातून विकत आणाव्या लागल्या. धान्याने भरलेले कोठार असले तरी चूल पेटवून स्वयंपाक करीपर्यंत भूक भागत नाही. तोवर टिकाव धरता येईल की नाही, हाच उत्तरेपुढील प्रश्न होता.

उत्तरेचे उणे

संयुक्त संस्थानांची खडी फौज त्या वेळी अवघी १६,००० च्या आसपास होती आणि तीही पश्चिमेकडील दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेली. सुमारे एक हजार अधिकाऱ्यांपैकी तीनशेच्या आसपास अधिकारी राजीनामे देऊन दक्षिणेस मिळाले. उत्तरेच्या फौजेचे आधिपत्य ज्यांस देऊ केले होते ते रॉबर्ट ली, आपल्या व्हर्जिनिया राज्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही असे सांगून, एप्रिलमध्ये सेवामुक्त झाले. सरसेनापती विनफील्ड स्कॉट हे बुद्धीने तल्लख, पण वय ७४ आणि शरीर इतके जड की घोड्यावर बसणे अशक्य. स्वतः लिंकन यांचा युद्धाचा अनुभव म्हणजे इ. स. १८३२ मध्ये काही आठवडे केलेली मुलकी शिपाईगिरी. याउलट जेफरसन डेव्हिस हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेले, मेक्सिकोच्या युद्धात लढलेले आणि चार वर्षे संघाचे युद्धमंत्री राहिलेले. कागदावर पाहिले तर कोणीही डेव्हिस यांचेच नाव वर लिहिले असते.

राजधानीची स्थितीही बिकट होती. वॉशिंग्टनच्या एका बाजूस शत्रूचे व्हर्जिनिया आणि उरलेल्या बाजूंस डळमळीत मेरीलँड. १९ एप्रिल १८६१ रोजी बाल्टिमोर शहरात राजधानीच्या रक्षणार्थ निघालेल्या पलटणीवर जमावाने हल्ला केला. रेल्वेचे पूल जाळले गेले, तारा तुटल्या आणि काही दिवस राष्ट्राध्यक्ष आपल्याच राजधानीत अडकल्यासारखे झाले.

सर्वांत मोठे उणे हेतूचे होते. उत्तरेस लढून जिंकावयाचे होते. दक्षिणेस नुसते न हरणे पुरेसे होते. साडेसात लक्ष चौरस मैलांचा मुलूख पादाक्रांत करावयाचा, तर शिपायाच्या मनात काहीतरी ठाम असावे लागते. पण आपण कशासाठी लढतो? संघ अखंड राखण्यासाठी, एवढेच उत्तर सरकार देत होते. गुलामगिरीविरुद्ध बोलावे तर सीमावर्ती राज्ये हातची जाण्याचे भय. ऑगस्ट १८६१ मध्ये सेनापती फ्रेमाँट यांनी मिझुरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा स्वतः लिंकन यांनी तो मागे घ्यावयास लावला. केंटकी गेले तर सारा डावच गेल्यासारखा होईल, अशी त्यांची भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. तथापि ज्या कारणासाठी शत्रू लढत आहे त्याचे नावही घ्यावयाचे नाही, हे लढणाऱ्यास जड जाणारे होते.

दक्षिणेचे बळ

दक्षिणेच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे घराचे रक्षण. परका सैनिक अंगणात आला म्हणजे गरीब माणूसही कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. दक्षिणेतील बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. तरी त्यांची मुले हजारोंनी पलटणीत गेली. त्यांपैकी अनेकांस घोड्यावर बसण्याची व बंदूक चालविण्याची सवय लहानपणापासून होती. ली, जोसेफ जॉन्स्टन, टॉमस जॅक्सन यांसारखे सेनानी त्यांस लाभले. मुलूख एवढा अफाट की, आत शिरणाऱ्या सैन्याची रसदच लांबत जावी. शिवाय उदाहरण डोळ्यांसमोर होते. याच वसाहतींनी इ. स. १७७६ ते १७८३ या काळात बलाढ्य इंग्लंडला दमवून स्वातंत्र्य मिळविले होते. आजोबांनी जे केले ते आपण का करू शकणार नाही, असे दक्षिणेच्या तरुणास वाटणे स्वाभाविक होते.

दुसरी गोष्ट कापूस. ब्रिटनच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जात असे. कापूस हाच राजा, ही तेथील मळेवाल्यांची घोषणाच होती. कापूस थांबला की लँकेशायरचे चाते थांबतील, लक्षावधी मजूर उपाशी राहतील आणि इंग्लंडला नाइलाजाने आपल्या बाजूने उतरावे लागेल, असा त्यांचा पक्का अदमास होता.

तिसरी गोष्ट म्हणजे गुलामांची मेहनत. गोरा पुरुष रणांगणावर गेला तरी शेत पडीक राहणार नाही, तटबंदीची माती वाहण्यास माणसे मिळतील, खाणी चालू राहतील. ३५ लक्ष राबणारे जीव दक्षिणेने निःशंक मनाने आपल्या जमेकडे लिहिले. उत्तरेनेही ते तिच्याच जमेकडे धरले. दोघांनाही त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही.

दक्षिणेचे उणे

आता नावेची बाजू. दक्षिणेत अवजड तोफा ओतू शकेल असा मोठा कारखाना आरंभी एकच, रिचमंडचा ट्रेडेगर. लोहमार्ग थोडे, आणि जे होते तेही एका मापाचे नव्हते. रुळांची रुंदी बदलली की माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. इंजिन बिघडले तर नवे बनविण्याची सोय जवळजवळ नव्हती. त्यामुळे पुढे असे प्रसंग आले की, एका राज्यात धान्य पडून आहे आणि दुसऱ्या राज्यात सैन्य अर्धपोटी लढत आहे.

पैशाचेही तसेच. मळेवाल्यांची संपत्ती जमीन, कापूस आणि गुलाम या रूपांत अडकलेली. ती कागदावर डोळे दिपविणारी, पण तिजोरीत नगद नाही. कर बसविण्यास राज्ये नाखूष. सरकारने बहुतांशी नोटा छापून युद्धाचा खर्च चालविला आणि महागाई उसळली. २ एप्रिल १८६३ रोजी खुद्द रिचमंडमध्ये भाकरीसाठी स्त्रियांनी दंगा केला, यावरून त्या नोटांची किंमत काय उरली होती हे समजते.

ज्या तत्त्वाचा ध्वज दक्षिणेने उभारला तेच तत्त्व तिच्या पायांत अडखळण ठरले. राज्यांचे हक्क सर्वश्रेष्ठ, असे म्हणून जे संघातून फुटले, त्यांस आपल्या नव्या केंद्रसत्तेचा हुकूम तरी कसा मानवणार? एप्रिल १८६२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राऊन यांनी आपल्याच अध्यक्षांशी भांडण मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वीस अथवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषास भरतीतून सूट मिळाली. गरीब गोऱ्या शिपायांनी त्याचा सरळ अर्थ लावला : युद्ध श्रीमंतांचे, मरण आमचे.

भूगोलही सर्वस्वी अनुकूल नव्हता. व्हर्जिनियातील नद्या आडव्या वाहतात, त्या उत्तरेच्या सैन्यास खंदकासारख्या आडव्या येत. परंतु पश्चिमेकडे मिसिसिपी, टेनेसी व कंबरलँड या नद्या दक्षिणेच्या थेट पोटात शिरणारे राजमार्गच होते. ज्याच्याकडे नौका त्याचा तो रस्ता. वृद्ध स्कॉट यांनी हे आरंभीच ओळखले होते. सागरकिनारा नाकेबंदीने आवळावा, मिसिसिपी ताब्यात घेऊन दक्षिणेचे दोन तुकडे करावेत आणि धीर धरावा, ही त्यांची योजना. उतावळ्या वृत्तपत्रांनी अॅनाकोंडा या अजगराचे नाव देऊन तिची थट्टा केली. परंतु फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँट यांनी टेनेसी व कंबरलँड नद्यांवरील हेन्री व डोनल्सन हे किल्ले घेतले, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स पडले आणि ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्गने शरणागती पत्करली. थट्टेचा विषय झालेली योजनाच अखेरीस खरी ठरली.

कापसाची कथा आणि मुंबई

कापसाविषयीचा दक्षिणेचा अदमास मात्र साफ फसला. इ. स. १८६० चे पीक उदंड आल्यामुळे ब्रिटनच्या वखारींत आधीच साठा होता. त्यातच दक्षिणेच्या मळेवाल्यांनी इ. स. १८६१ मध्ये आपण होऊन कापूस रोखून धरला. त्या वेळी उत्तरेची नाकेबंदी नावापुरतीच होती. ३,५०० मैलांच्या किनाऱ्यावर पहारा ठेवण्यास तिच्याकडे पुरेशी जहाजे नव्हती. कापूस विकून बंदुका आणण्याची हीच संधी होती. ती दवडली गेली आणि नाकेबंदी महिन्यागणिक घट्ट होत गेली. लँकेशायरचे मजूर इ. स. १८६२ व १८६३ मध्ये खरोखरच उपाशी राहिले, पण इंग्लंड युद्धात उतरले नाही. त्याने कापसासाठी दुसरीकडे पाहिले : इजिप्तकडे, आणि आपल्या हिंदुस्थानाकडे.

येथे या दूरच्या युद्धाचा धागा आपल्या भूमीशी जुळतो. वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापसास पूर्वी कधी न मिळालेला भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीसारख्या कंपन्यांच्या शेअरांवर लोकांनी घरदार लावले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रे ठेविल्याची वार्ता आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळा दिवस ठरला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सम्राट धुळीस मिळाला. त्यांनी भरभराटीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा तेवढा विद्यापीठाच्या आवारात आजही उभा आहे. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्यास कोणताच मनोरा उभारता आला नाही. कापसाचे भाव उतरले, सावकाराचे व्याज आणि सरकारचा सारा मात्र राहिला, इ. स. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून जे सावकारविरोधी दंगे पेटले, त्यांच्या कारणांत हेही एक होते.

पहिली परीक्षा

आता पुन्हा इ. स. १८६१ कडे वळू. २१ जुलै रोजी वॉशिंग्टनपासून थोड्याच अंतरावर, बुल रन या ओढ्याकाठी दोन्ही सैन्यांची पहिली मोठी गाठ पडली. प्रत्येकी तीस-पस्तीस हजारांच्या, बहुतांशी नवशिक्या फौजा. राजधानीतील प्रतिष्ठित मंडळी फराळाच्या टोपल्या घेऊन, बग्ग्यांत बसून ही मौज पाहावयास गेली होती. सकाळी उत्तरेची सरशी होती. परंतु ज्या लोहमार्गांत दक्षिण दुबळी, त्याच लोहमार्गाने जॉन्स्टन यांच्या पलटणी शेनँडोआ खोऱ्यातून येऊन पोहोचल्या, जॅक्सन भिंतीसारखे उभे राहिले आणि दुपारनंतर उत्तरेचे सैन्य बग्ग्यांसह राजधानीकडे पळत सुटले.

या लढाईचा परिणाम विपरीत झाला. दक्षिणेत अनेकांनी युद्ध संपलेच असे मानले आणि ते घरी परतण्याच्या गोष्टी बोलू लागले. उत्तरेत मात्र पराभवाने डोळे उघडले. दुसऱ्याच दिवशी, तीन महिन्यांच्या नव्हे तर तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचे पाच लक्ष स्वयंसेवक उभे करण्याच्या कायद्यावर लिंकन यांची सही झाली. निजलेले बळ जागे होण्यास हा फटका कारणी लागला. विजयाने एकाची चूक झाकली आणि पराभवाने दुसऱ्याची उघडी पाडली, असे या लढाईचे सार सांगता येईल.

चुकीच्या खात्यावरील रक्कम

आरंभी ज्या रकमेचा आम्ही उल्लेख केला तिच्याकडे आता येऊ.

२३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर तीन गुलाम एका होडीत बसून फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातील किल्ल्याकडे निघाले. त्यांची नावे फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. दक्षिणेच्या तोफखान्याची तटबंदी बांधण्याच्या कामावर त्यांस जुंपले होते आणि आता बायकामुलांपासून दूर पाठविण्यात येणार होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्यान्वये त्यांची मागणी करू लागला. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर हे मूळचे वकील. त्यांनी उत्तर दिले की, तुमचे राज्य आता परदेश म्हणवते, तेव्हा आमचा कायदा तुमच्या उपयोगाचा नाही. आणि शत्रूच्या तटबंदीच्या कामी येणारा माल युद्धात जप्त करता येतो. तिघांस त्यांनी ठेवून घेतले.

युक्तिवाद मालमत्तेचाच होता. त्या तिघांस माणूस म्हणून कायद्याने अद्याप ओळखले नव्हते. परंतु वार्ता झोपडी-झोपडीतून पसरली आणि काही आठवड्यांतच शेकडो स्त्री-पुरुष, मुले-म्हातारे त्या किल्ल्याच्या आश्रयास आले. ६ ऑगस्ट १८६१ रोजी संघाच्या कायदेमंडळाने, शत्रूच्या युद्धकार्यास लावलेल्या गुलामांवरील मालकाचा हक्क नष्ट करणारा कायदा केला. म्हणजे आधी ते तिघे होडीत बसले आणि मागाहून कायदा आला.

यातील गणित लक्षात घेण्यासारखे आहे. इतर कोणतीही रक्कम घटली तर एकाचे तेवढेच नुकसान होते. येथे एक मनुष्य नदी ओलांडून आला की दक्षिणेचे एकाने उणे आणि उत्तरेचे एकाने अधिक. १३ मे १८६२ रोजी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेल्याचे पाहून, 'प्लँटर' ही दक्षिणेची आगबोट तोफांसह चार्ल्सटन बंदरातून बाहेर काढली. सोबत आपले व सहकाऱ्यांचे कुटुंबीय. किल्ल्यांसमोरून जाताना कप्तानाची टोपी घालून, ठरलेल्या शिट्या देऊन त्याने पहारेकऱ्यांस चकविले आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. आयुष्यभर ज्याने बंदराचे खाचखळगे दुसऱ्यासाठी पाठ केले होते, त्याचे ते ज्ञान कोणाच्या जमेस धरावयाचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून निसटलेले थोर वक्ते इ. स. १८६१ पासून सांगत होते की, कृष्णवर्णीयांच्या हाती बंदूक द्या. सरकार बिचकत राहिले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर प्रदेशांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि पलटणींची दारे उघडली. युद्धसमाप्तीपर्यंत सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णी सैनिक उत्तरेच्या लष्करात दाखल झाले. हा आकडा त्या लष्कराच्या सुमारे एक दशांश होतो. त्यांस आरंभी वेतनही गोऱ्या शिपायापेक्षा कमी मिळे. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने ते अपुरे वेतन घेण्यासच नकार दिला, पण लढणे सोडले नाही. जून १८६४ मध्ये कायद्याने वेतन समान झाले.

आता दक्षिणेची अखेर पाहा. मार्च १८६५ मध्ये, रिचमंड पडण्यास काही आठवडे उरले असता, तिच्या कायदेमंडळाने गुलामांस सैन्यात घेण्याचा कायदा मंजूर केला. जॉर्जियाचे एक प्रमुख पुढारी हॉवेल कॉब यांनी त्यापूर्वी जानेवारीत लिहून कळविले होते की, गुलाम जर चांगले शिपाई ठरले तर गुलामगिरीविषयीची आपली सारी उपपत्तीच चूक ठरते. ती चूक आहे हे उत्तरेच्या पलटणींतून तोवर सिद्ध झालेच होते. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे ली यांनी शस्त्रे ठेवली. चार वर्षांत सहा ते साडेसात लक्ष माणसे मेली. डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती अमलात आली व गुलामगिरी कायद्याने संपली.

बोध

एवढ्याने सर्व सुरळीत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. इ. स. १८७७ नंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून हिरावले गेले आणि ते कायद्याने परत मिळण्यास इ. स. १९६४ व १९६५ उजाडावे लागले. तरीही त्या युद्धातून जे निष्पन्न झाले त्याचा अर्थ दूरच्या पुण्यात एका महापुरुषास अचूक उमगला. इ. स. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. त्याच युद्धाने मुंबईस कापसाचा पैसाही दिला होता. तो पैसा चार-पाच वर्षांत आला व गेला. जोतीरावांनी घेतलेला अर्थ मात्र आपल्याकडे राहिला.

उत्तर जिंकली ती केवळ तिच्याकडे अधिक होते म्हणून नव्हे. जे होते ते कामास लावण्यास ती उशिरा का होईना शिकली, आणि आपला हिशेब दुरुस्त करण्याचे धैर्य तिने मध्यावर दाखविले. दक्षिणेस तो दुरुस्त करता आला नाही, कारण तो दुरुस्त करणे म्हणजे ज्यासाठी ती लढत होती तेच सोडणे होते.

आपणही घरात, गावात, संस्थेत बळाबळाचा हिशेब मांडतो. माणसे किती, पैसा किती, जागा कोणाची, कर्ते कोण, हे सर्व लिहितो. जे मुकाट्याने राबतात, ज्यांचे मत कोणी विचारले नाही, ज्यांचे नाव यादीत आले नाही, त्यांस आपण गृहीत धरतो. त्यांनाही मन आहे, दिशा आहे आणि वेळ आली म्हणजे होडीत पाऊल टाकण्याचे धैर्य आहे. तेव्हा ताळेबंद पुरा करण्यापूर्वी, त्यातील कोणती रक्कम माणूस आहे, हे एकवार पडताळून पाहावे, एवढीच आमची ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.